अवजाराला दिलेला राग

एकदा एका धरणातून पाणी सुटलं आणि इशाऱ्याचा भोंगा वाजलाच नाही. घाटावर धुणं धुणाऱ्या बाया कशाबशा वर चढल्या, पण दोन म्हशी डोळ्यांदेखत वाहून गेल्या. त्या बायांत भोंग्याचा प्रोग्रॅम बांधणाऱ्या शिष्याची सख्खी मावशी होती. ओल्या लुगड्यानिशी ती तडक धरणावरच्या खोलीत येऊन उभी राहिली.

"काय रे शहाण्या, तुझ्या भोंग्याचं आज मौनव्रत होतं का?"

शिष्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाच वाजता पुन्हा पाणी सुटायचं होतं. खाली तीन गावं. माणूस धाडून कुठवर पुरणार?

तिथली रीत अशी, की दरसाल भोंग्याचा प्रोग्रॅम संगणकातल्या एका अवजाराकडून नव्याने बांधून घ्यायचा. यंदा हे काम प्रथमच शिष्याकडे आलं होतं. चाचणीपुरता भोंगा मुका ठेवायची सोय होती; ती खऱ्या प्रोग्रॅममध्ये राहू नये म्हणून त्याने आज्ञेतच लिहिलं होतं: 'मुका ठेवणे बंद'. अवजाराने कुरकुर न करता प्रोग्रॅम बांधून दिला होता.

"मी ढळढळीत सांगितलं होतं!" त्याने टेबलावर मूठ आपटली. "हे निर्लज्ज तोंडावर हो म्हणतं आणि पाठीमागे आपलंच घोडं दामटतं!"

वृद्ध गुरू शांतपणे म्हणाले, "त्याने काय ऐकलं, ते सगळं वाच."

पडद्यावर शिष्याची आज्ञा होती. पण तिच्या मागून, ओळीच्या अगदी शेवटी, कायमच्या सेटिंगमधली दुसरी आज्ञा येऊन चिकटली होती: 'मुका ठेवणे चालू'. जे शेवटी ऐकलं तेच अवजाराने खरं मानलं होतं.

"कोणत्या गाढवाने ही शेवटी जोडली?"

"या गाढवाने," गुरू म्हणाले. "बारा वर्षांपूर्वी चाचणीत भोंगा खराच वाजला. लोक लेकरं काखेत मारून टेकडीवर पळाले, एका म्हातारीचा पाय मोडला. तेव्हापासून मला धास्ती बसली. कुणाला चुकूनही फिरवता येऊ नये म्हणून माझा शब्द शेवटी ठेवला. खरा प्रोग्रॅम बांधताना तेवढी ओळ मी हाताने काढत असे. तुला सांगायचं राहिलं."

"म्हणजे तुमचं शहाणपण आमच्या म्हशींना भोवलं!" मावशी कडाडली.

"भोवलं, बाई." गुरूंची मान खाली गेली.

मग त्यांनी विचित्रच केलं. आपली ओळ त्यांनी खोडली नाही. अवजारातच चार ओळी नव्या लिहिल्या आणि त्याला म्हणाले, "बांध." अवजाराने काहीच बांधलं नाही. पडद्यावर लाल अक्षरं उमटली: 'एकाच गोष्टीच्या दोन उलट आज्ञा आहेत. कुणाची ऐकू?'

शिष्याचा तोल सुटला. "गुरुजी, साडेतीन वाजले! एक ओळ खोडली असती तर काम झालं असतं. चालतं अवजार बंद पाडलंत तुम्ही!"

"चालतं?" म्हातारा प्रथमच गरजला. "आजेसासू म्हणाली मीठ घाल, सासू म्हणाली घालू नको, तर सून निदान विचारते, 'बाई, ऐकू कुणाचं?' हे मुकाट शेवटचं ऐकत होतं! अरे, कायमची रीत हवी. दर वेळी सगळं कोण सांगत बसेल? पण ती कुणी काही बोललं नसेल तेव्हासाठी. कुणी मुद्दाम सांगितलं, तर रीतीने मागे सरावं. सरवत नसेल तर उघड भांडावं, गुपचूप डावलू नये. माझी ओळ खोडून आजचं भागलं असतं; उद्या आणखी कुणा शहाण्याची ओळ अशीच दबा धरून बसली असती. मघापासून तू आदळआपट करतोस. तुझा राग खरा आहे, पण पाणी गेल्यावरचा आहे. पाण्याआधी रागवायला या अवजाराला शिकव."

शिष्य त्या लाल अक्षरांकडे पाहत राहिला. त्याचाच राग तो, योग्य वेळी आणि योग्य जागी उमटलेला. त्याने गुरूंकडे पाहिलं. गुरूंनी मान हलवली. तेव्हा कुठे त्याने ती बारा वर्षांची ओळ खोडली आणि पुन्हा बांधायला सांगितलं. या वेळी अवजाराने निमूट बांधलं.

साडेचारला भोंगा असा फुटला, की भिंतीवरचे पारवे भुर्रकन उडाले. खाली घाट भराभरा रिकामा होऊ लागला.

"आत्ता बोलला मेला!" कानांवर हात ठेवून मावशी म्हणाली.

शिष्याने खोडली ती ओळ. गुरूंच्या त्या चार ओळींना मात्र त्याने पुढे कधी कुणाला हात लावू दिला नाही.