उलटा बसवलेला पंखा

एकदा एका कापडाच्या व्यापाऱ्याने मुलाचा संगणक दाखवण्यासाठी एका वृद्ध गुरुजींना घरी बोलावले. गुरुजी आयटीआयमधून निवृत्त झालेले. सोबत त्यांचा शिष्य होता. मे अखेरचा नवतपा तापत होता आणि शिष्याला उन्हापेक्षा भीतीनेच जास्त घाम फुटला होता. कारण हा संगणक थंड राहावा म्हणून त्यात पंखे बसवले होते ते त्यानेच, आणि तरीही तो रोज भर दुपारी तापून बंद पडत होता.

व्यापाऱ्याची चिंता निराळी होती. बायको अचानक गेली, त्याला वर्ष होत आले होते. तेव्हापासून एकुलता एक मुलगा कॉलेज सोडून खोलीत बसला होता. कानांवर हेडफोन, समोर गेम. तो धड जेवत नसे, कोणाशी बोलत नसे आणि खेळ मध्येच बंद पडला की भिंतीवर डोके आपटून घेई.

“हे यंत्र चालू राह्यलं पाहिजे, गुरुजी,” व्यापारी म्हणाला. “बंद पडलं की मले भेव वाटते. बायको गेली, आता पोरगंही हातचं जाईन. मी काय कमी केलं? एसी बसवला, महागाची खुर्ची आणली, तुमच्या या चेल्याकडून चार पंखे लावून घेतले.”

माणसाला बोलता येत नाही तेव्हा तो खरेदीला निघतो. व्यापारी त्याला अपवाद नव्हता.

मुलगा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला होता. गुरुजींनी संगणकाची बाजू उघडली. आत धूळ नव्हती, पंखे नवेकोरे होते. गुरुजींनी कोणालाही काही न सांगता मागच्या पंख्याचे स्क्रू काढले आणि तोच पंखा उलटा करून पुन्हा बसवला. शिष्य चरकला. आत येणारी वाऱ्याची झुळूक हे बाहेर घालवत आहेत! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असे त्याच्या मनात आले. पण गुरूंपुढे बोलायची छाती झाली नाही.

संगणक सुरू झाला. व्यापारी संगणकाच्या मागे वाकला आणि दचकून सरळ झाला. “हे काय, गुरुजी? गरम वाफ तोंडावर येऊन राह्यली!”

“येणारच,” गुरुजी म्हणाले. “इतके दिवस ती आतच कोंडली होती. चारही पंखे हवा आत ढकलत होते, बाहेर काढणारा एकही नव्हता. बाहेरून कितीही गार वारा घाला, आतल्या आगीला वाट नसेल तर यंत्र जळते. आणि वाट दिली की पहिली झळ जवळच्याला बसते. ती सोसायची तयारी असेल त्यानेच थंड करायला निघावे.” थोडे थांबून त्यांनी विचारले, “मुलाशी त्याच्या आईविषयी कधी बोललात?”

“नाही जी. नावच काढत नाही. फोटोही उचलून ठेवला. त्याले तरास नको म्हणून.”

गुरुजींनी पलंगाकडे पाहिले. व्यापारी हळूहळू जाऊन पलंगाच्या कडेला टेकला. “आईची आठवण येते का रे तुले?” एवढेच त्याला सुचले.

मुलगा भिंतीकडेच पाहत म्हणाला, “त्या दिवशी आईनं सैपाकघरातून हाक मारली होती, बाबा. मले ऐकू आली होती. म्हटलं, गेम संपला की जातो. गेलो तं ती खाली पडली होती. डोळे उघडेच होते.”

व्यापाऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याचा हात वर गेला. शिष्य मध्ये पडायला धावणार, तोच गुरुजींनी त्याचा दंड धरला. तो हात हवेतच थांबला आणि मग मांडीवर येऊन पडला. उठून निघून जावे, दार लावून घ्यावे, असे त्या बापाला वाटत होते. त्याच्या पायांनी चपला शोधल्यासुद्धा. पण तो उठला नाही.

“मंग?” तो म्हणाला. “पुढं सांग, बेटा.”

गुरुजी शिष्याला घेऊन बाहेर आले. जिन्यात शिष्याला रडू कोसळले. गुरुजी त्याच्याजवळ पायरीवर बसले. त्यांनी त्याला गप्प हो म्हटले नाही.