एका दिवसाची तयारी

गोजराबाईंनी एकरभर रानात बाजरी, तूर, मटकी आणि हुलगे मिसळून पेरायला काढले, तेव्हा शहरातून आलेले शेतीतज्ज्ञ गावादेखत हसले.

“बाई, ही काय भेळ? यंदा पाऊस भरपूर आहे. सगळे एकच सुधारित वाण पेरा!”

गाव घुटमळलं. पेरणी फसली तर वर्षभर खायचं काय?

गोजराबाईंनी हळूच विचारलं, “सायेब, डोईवर टोपी अन् काखेत छत्री, दोन्ही कशापायी?”

“हल्ली पावसाचा काय नेम?” साहेब बोलून गेले.

“लेकरा, एका दिवसासाठी आलास तर दोन्ही घेऊन आलास. माझ्या रानाला तर चार महिने काढायचेत.”

साहेब ओशाळले. बाईंनी मूठभर मटकी पुढं केली. “घे, पाऊस रुसला तरी ही तग धरते.”

साहेबांनी टोपी काढून पुढं धरली.