वाघोळा हॉल्टचं एक तिकीट

“गाडीनंच आलो. पण अनुग्रहाचा आणि तिकिटाचा काय संबंध, माई?”

साळूमाईंनी मान वर केली नाही. त्या अंगणात गोधडीला टाके घालत बसल्या होत्या.

“संबंध मी विचारला नाही. तिकीट काढलं होतंस का, एवढंच विचारलं.”

“नाही.”

“गेल्या गुरुवारी?”

“नाही.”

“त्याच्या आधीच्या?”

विश्वंभर लिंबेकरांनी गळ्यातली माळ सारखी केली.

ते तालुक्याच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत. दोन वर्षं दर गुरुवारी सकाळच्या पॅसेंजरने ते वाघोळ्याला येत, दिवसभर माईंजवळ बसत आणि संध्याकाळी सहाच्या गाडीने परत जात. पांढरा सदरा, पांढरं धोतर, गळ्यात तुळशीची माळ. गावात त्यांना सगळे सरमहाराज म्हणत.

आज ते माईंकडे अनुग्रह मागायला आले होते. नारळ आणि फुलं त्यांनी समोर ठेवली होती. माईंनी नारळाला अजून हात लावला नव्हता.

“माई, दहा रुपयांसाठी अडलंय का माझं? मागच्या महिन्यात मी अन्नदानाला पाच हजार दिले.”

“दिलेस.”

“मग?”

“मग काय? जेवले लोक.”

विश्वंभरांनी आवाज मऊ केला. वर्गात एखाद्या मंद मुलाला समजावताना ते असाच करत.

“टीसी माझ्यापर्यंत येतो, माझ्या गुडघ्याला हात लावतो आणि पुढे जातो. त्यानं मागितलं तर मी लगेच काढीन. पण तो मागतच नाही. साधूला कोणी तिकीट विचारत नाही, ही आपल्याकडची रीतच आहे.”

“तू साधू कधी झालास?”

“आज होईन. तुम्ही अनुग्रह दिलात तर.”

“म्हणजे गाडीत दोन वर्षं आधीच चढलास.”

“तसं नाही, माई. नीट ऐका. गाडी वाघोळ्याला येणारच. मी असलो काय, नसलो काय. गाडी निम्मी रिकामी असते. माझ्या बसण्यानं इंजिनाला चमचाभर डिझेलसुद्धा जास्त लागत नाही. कुणाचं काही कमीच झालं नाही, तर चोरी झाली कुठं?”

माईंनी सुई खाली ठेवली. दोन्ही हातांनी कपाळ धरलं.

“अरे देवा… हे पोरांना शिकवतोस?”

“तर्क बिनचूक आहे. चूक असेल तर दाखवा.”

“मला नाही दाखवता येत. मी चौथीपर्यंत शिकले. हे घे, सुईत दोरा ओवून दे.”

विश्वंभरांनी सुई घेतली. दोरा एकदा चुकला. दोरा ओला करून पुन्हा बघितलं. पुन्हा चुकला.

“याच्यावर तर्क चालत नाही वाटतं,” माई म्हणाल्या.

तिसऱ्यांदा दोरा गेला. माईंनी दोन टाके घातले आणि मग विचारलं, “हॉल्टच्या भिंतीवर कागद लावलाय. वाचलास?”

“नाही.”

“कसा वाचशील? तो तिकिटाच्या खिडकीशेजारी आहे.”

“काय आहे त्यात?”

“वाघोळ्याला तिकिटं खपत नाहीत. तीन महिन्यांची मुदत दिली होती, त्यातले दोन गेले. खप वाढला नाही तर गाडी इथं थांबणार नाही.”

“थांबणार नाही म्हणजे?”

“म्हणजे शिटी मारून पुढं जाईल! आणखी कसं सांगू?” माईंनी दोरा दातांनी तोडला. “एसटी फाट्यापर्यंत येते. फाटा सहा किलोमीटर, मधे ओढा. गावातल्या सात मुली या गाडीनं हायस्कूलला जातात. त्यांतल्या दोघींना बघायला आत्तापासून पाहुणे यायला लागलेत. नाहीतरी पुढच्या महिन्यात शाळा सुटतेयच, म्हणतात.”

विश्वंभरांना खरंच वाईट वाटलं. ते ताडकन उभे राहिले.

“मग सोपं आहे, माई! रोजची पन्नास तिकिटं माझ्याकडून. महिनाभर. तिकीटवाल्या हुसेनभाईंना आजच सांगतो.”

“पन्नास तिकिटं घेऊन बसशील कुठं?”

“बसायचं कशाला? खप तर वाढेल.”

“आणि महिना संपल्यावर?”

“पुढच्याही महिन्याची घेईन.”

“आणि तू मेल्यावर?”

“माई, मी मदत करायला बघतोय!”

“मागितली कुणी?” माई आता खरोखर वैतागल्या. “दोन वर्षं झाली, मी एक सांगते, तू पन्नास ऐकतोस. एक तिकीट काढ. एक! तुझं स्वतःचं. आज सहाच्या गाडीचं. गाडीच्या वेळेला, सगळ्यांच्या समोर, खिडकीवर उभा राहून.”

“आत्ताच जाऊन काढून ठेवतो ना. आत्ता कुणी नसतं.”

“आत्ता खिडकीही नसते. साडेपाचला उघडते.”

विश्वंभरांचा चेहरा उतरला. ते हळूच खाली बसले.

“लोक बघतील, माई.”

“बघू दे.”

“म्हणतील, म्हणजे इतके दिवस सरमहाराज…”

“म्हणू दे.”

“पाच हजार मागा. दहा मागा.”

“दहाच तर मागतेय.”

“आणि अनुग्रह?”

“आधी गाडीत तर नीट बस.”

वाघोळा हॉल्ट म्हणजे पत्र्याची एक खोली, एक बाक, एक नळ आणि एक खिडकी. खिडकीत हुसेनभाई बसत. ते रेल्वेचे नोकर नव्हते. तिकिटं विकायचं काम त्यांनी ठेक्याने घेतलं होतं. साडेपाचला ते काठी टेकत येत, खिडकी उघडत आणि समोर रिकाम्या फलाटाकडे बघत बसत.

नुकत्याच आलेल्या गाडीने शाळेच्या मुली उतरल्या होत्या. त्या नळावर पाणी पिऊन आता घरी निघाल्या होत्या. विश्वंभरांनी मोजल्या. सात. त्यांतली एक भिंतीवरच्या कागदापाशी थांबली. रोज थांबत असावी. कागद तोच होता, तरी तिनं तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला आणि मग धावत बाकीच्यांना गाठलं.

मग सहाच्या गाडीची माणसं येऊ लागली. जिनिंगच्या रात्रपाळीचे कामगार आले. दूधवाले कॅन घेऊन आले. उद्याच्या बाजाराची मेथी टोपलीत घेऊन कौतिकाबाई आली. जो येई तो सरमहाराजांच्या पाया पडे आणि खिडकीकडे न बघता फलाटावर जाऊन उभा राही.

विश्वंभर खिडकीपर्यंत गेले. भाड्याचा तक्ता लक्ष देऊन वाचला. परत आले.

नळावर जाऊन पाणी प्यायले. पुन्हा गेले. हुसेनभाईंनी आतून सलाम केला. विश्वंभरांनी सलाम केला आणि परत आले.

आधी दुसऱ्या कुणी काढलं तर बरं, असं त्यांच्या मनात आलं.

“कौतिकाबाई, तिकीट काढलंत का?”

कौतिकाबाई हसायला लागली. “काय महाराज, गरिबाची थट्टा करता!”

“थट्टा नाही. खरंच विचारतोय.”

“पयलं काढत व्हते की. आट दिसाला एकदा काढायचेच. मग आमचे मालक म्हनले, सरमहाराज येवढे शिकलेले, माळकरी, ते न्हाई काढत. पाप असतं तर त्यांनी काढलं नसतं का? तवापासून सोडलं बगा. तुमची किरपा.”

आणि ती पुन्हा पाया पडली.

“आमचं बी तसंच,” कॅनवर बसलेला दूधवाला म्हणाला. “टीसी चढला की आम्ही समदे तुमच्या डब्यात येऊन बसतो, महाराज. तुम्ही असला की त्यो त्या डब्यात कुनालाच इचारत न्हाई. लई आधार वाटतो तुमचा.”

विश्वंभरांनी पाय मागे घेतले…

गुरुवारी आपला डबा भरतो, हे त्यांनी पाहिलं होतं. लोकांना आपल्या सहवासात बसावंसं वाटतं, असा त्यांचा समज होता.

ते खिडकीवर गेले.

“एक द्या.”

“काय म्हणालात?”

“एक… द्या.”

हुसेनभाई जरा पुढे झुकले. “महाराज, मोठ्यानं बोला. कान गेलेत माझे.”

विश्वंभर शेवटच्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, “तालुक्याचं एक तिकीट द्या!”

फलाटावरच्या सगळ्यांनी वळून बघितलं.

“कुणासाठी?” हुसेनभाईंनी विचारलं.

“माझ्यासाठी.”

“आयला,” एक कामगार म्हणाला, “सरमहाराजांना पन तिकीट लागतं?”

“लागतं.”

“मंग इतके दिस?”

विश्वंभरांचे कान लाल झाले होते. त्यांच्याजवळ तीन-चार उत्तरं तयार होती. टीसी विचारत नाही, रीत आहे, गाडी रिकामी असते…

“इतके दिवस फुकट,” ते म्हणाले.

कुणीतरी खो खो हसलं. कौतिकाबाई मात्र हसली नाही. टोपली खाली ठेवून ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

“म्हंजे मी तुमच्या नावावर दोन वर्सं फुकट बसले! त्याचं पाप तुमचं का माझं?”

“माझं… आणि थोडं तुमचं.”

“थोडं म्हंजे किती?”

तर्कशास्त्राच्या मास्तरांनी बोटांवर हिशेब सुरू केला.

“शिकलेल्या मानसाच्या नादी लागू नये ते ह्याच्यासाठी,” कौतिकाबाई पुटपुटली. तिनं पदराची गाठ दातांनी सोडली. “सरका तिकडं, महाराज. झालं ना तुमचं? हुसेनभाई, मला बी द्या एक. आन् सुट्टे न्हाईत म्हनू नका, मीच देते सुट्टे.”

तिच्या मागे दूधवाला उभा राहिला. त्याच्या मागे दोन कामगार. बाकीच्यांतले काही जण एकमेकांची तोंडं बघत आले. काही आले नाहीत. एक जण “मी आपला पुढच्या गुरुवारपासून” म्हणाला आणि फलाटाच्या टोकाला जाऊन उभा राहिला.

हुसेनभाईंना घाई करायची सवय राहिली नव्हती.

“रांगेत या, रांगेत या,” ते म्हणत होते. हे त्यांनी फार दिवसांनी म्हटलं असावं.

विश्वंभर बाजूला उभे राहून मोजत होते. आठ. नऊ. दहा. दहाव्या माणसाने तिकीट घेतलं तेव्हा गाडीची शिटी ऐकू आली. अकरावा पळत आला आणि त्यालाही मिळालं.

अकरा! हे माईंना आत्ताच्या आत्ता सांगायला हवं होतं. धोतराचा सोगा हातात धरून ते रूळ ओलांडून धावत सुटले.

माईंचं अंगण हॉल्टपासून चारशे पावलांवर होतं.

“माई! अकरा!”

माई गोधडीची घडी घालत होत्या.

“माझ्यामागं अकरा जण, माई! एका दिवसात! मी नुसता उभा राहिलो आणि लोक आपोआप मागं आले. कौतिकाबाईंनी तर पदराची गाठ सोडली. पुढच्या गुरुवारी वीस होतील. मी असं करतो, फलाटावरच प्रामाणिकपणावर एक छोटं व्याख्यान देतो. पंधराच मिनिटं. मुलींनाही बसवू. तुम्ही म्हणाला होता एक काढ, मी काढलं. सगळ्यांच्या समोर काढलं. आता अनुग्रहाला काही अडचण…”

माई त्यांच्याकडे बघत नव्हत्या. त्या त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघत होत्या.

मागे भोंगा वाजला.

विश्वंभर वळले. बाभळींमागून एक डबा गेला. दुसरा गेला. खिडकीतून कौतिकाबाई हात हलवून काहीतरी ओरडत होती, ते ऐकू आलं नाही. मग शेवटचा डबा गेला आणि नुसते रूळ राहिले.

“गाडी गेली,” विश्वंभर म्हणाले.

“हो.”

“दोन वर्षांत पहिल्यांदा तिकीट काढलं… आणि पहिल्यांदाच गाडी चुकली.”

माईंनी घडी घातलेली गोधडी बाजूला ठेवली.

विश्वंभर पायरीवर बसले. अनुग्रहाचं त्यांनी पुन्हा काढलं नाही. मग त्यांनी मूठ उघडली. तिकीट घामाने मऊ झालं होतं. त्यांनी ते गुडघ्यावर ठेवून सरळ केलं आणि दोन्ही हातांनी माईंपुढे धरलं.

“हे उद्या सकाळच्या गाडीला चालेल का, माई?”

माईंनी तिकीट घेतलं. डोळ्यांपासून लांब धरून त्यावरची तारीख वाचली. मग ते त्यांच्या हातात परत दिलं.

“नाही चालत. उद्या दुसरं काढ.”