निळी गाडी आणि आडवा शंकू

गाड्या माणसांहून जास्त बोलायच्या, तेव्हाची गोष्ट. माळावर शंकू मांडून शर्यत लागली होती. एकेका गाडीनं एकटीनंच पळायचं, शंकू पाडला की दोन सेकंद वाढणार. विजेवरच्या निळीला एकदा तरी जिंकायचंच होतं.

आपली फेरी संपवून आलेली म्हातारी जीप तिला म्हणाली, "आवाज नाही, धूर नाही. तू गाडी आहेस का फ्रीज, गं?"

निळीच्या अंगाची लाही झाली. पाळी येईतो तिची चाकं जागेवर ठरेनात. झेंडा पडताच ती सुसाट सुटली. प्रत्येक वळणावर तिला जीपच दिसत होती. शेवटच्या वळणावर तिनं शंकू उडवला, दोन सेकंद वाढले आणि ती जीपपुढं एका सेकंदानं हरली.

आडवा पडलेला शंकू म्हणाला, "बाई, जीप मघापासून सावलीत घोरतेय. वाटेत तर मीच होतो."