येसूच्या पाठीवरची बोरी

एक होती येसू. राजाची मुलगी नव्हती, प्रधानाची नव्हती. कड्यावरचा मध काढणारी बाई होती. या गोष्टीत राजा नाही, तेव्हा उगाच त्याची वाट बघत जागू नका.

येसूचं गाव एका उंच कड्याच्या माथ्यावर होतं. कड्याच्या पोटात मोहोळं लटकलेली, सुपाएवढी. मध काढायचा तर कमरेला दोर बांधून खाली उतरायचं, आणि वर कुणीतरी दोर धरायचा. त्या गावची एक रीत होती, बरं का. दोर धरायचा तो भावजयीनं. भावानं नाही, बापानं नाही. का? तर म्हातारी माणसं म्हणायची, नणंद पडली तर भावजयीला जन्मभर सुखाचा घास कोण खाऊ देईल? सासू बोलेल, नवरा बोलेल, गाव बोलेल. म्हणून सगळ्यात घट्ट तीच धरते. रीत मायेची नव्हती, पण कामाची होती.

येसूच्या भावजयीचं नाव तानू. दोघींचं बरं होतं. येसू उतरायची, तानू दोर धरायची, मध वर यायचा.

आणि एके दिवशी माश्या उठल्या. वारा फिरला, मोहोळाला दिलेला धूर भलतीकडं गेला. माश्या वर आल्या त्या तानूच्या तोंडाला, हातांना डसल्या. तानूनं दोर सोडला.

सुटला नाही. सोडला. गोष्ट सांगायची तर खरी सांगावी.

येसू पडली ती बोरीच्या जाळीत, म्हणून वाचली. अंगभर काटे भरले. उठली, कड्याला वळसा घालून आपल्या पायांनी घरी आली. तानू दारात उभी, तोंड सुजून भोपळा झालेलं. ती रडत म्हणाली, "वन्सं, माझा हात..."

"तुझा हात तुझ्याजवळ ठेव," येसू म्हणाली.

मग तिनं आपली कांबळ उचलली, गावाबाहेर गेली आणि एकटीनं खोपटं बांधलं. दारात बसून काटे काढले. पायातले काढले, पोटातले काढले, मानेतले काढले. एक राहिला. कुठं? पाठीच्या मधोमध. वरून हात टाकला तर बोटभर खाली राहतो, खालून नेला तर बोटभर वर राहतो. करून बघा. पोचतो? नाही पोचत. कुणाला म्हणाली असती, "एवढा काटा काढ गं," तर निघाला असता. पण नाही म्हणाली.

त्या दिवसापासून येसूनं कुणाकडं पाठ केली नाही. जेवायला बसली तर कुडाला टेकून. बोलायला थांबली तर झाडाला टेकून. रानात बायका लाकडाची मोळी उचलताना एकमेकींना हात लावतात. येसू मोळी उंच दगडावर ठेवायची, खाली डोकं घालायची आणि उठायची. मानेचं पार वाटोळं झालं. कुणी विचारलं, "हात लावू का गं येसू?" तर म्हणायची, "मला दोन आहेत."

आणि जितक्यांदा ती हे म्हणायची, तितक्यांदा पाठीतल्या काट्याला एक पान फुटायचं.

आधी तिला वाटलं, खाज आहे. मग वाटलं, चोळी टोचते. मग चोळी फाटली आणि फांदी बाहेर आली.

दुसरी कुणी असती तर बोंब मारत गावात पळाली असती. येसू म्हणाली, "माझी पाठ, माझं झाड. मीच काढीन."

मग ती कातळाजवळ गेली आणि म्हशीसारखी पाठ घासली. फांद्या कडाकडा मोडल्या. पण बोरीची जात कशी, छाटली की दुप्पट फुटते. बघता बघता पाठीवर आधीपेक्षा दाट झुडूप.

मग तिनं एक शेळी धरून आणली. म्हणाली, शेळी बरी, खाते आणि बोलत नाही. शेळीनं पाला ओरबाडला. पण दुसऱ्या दिवशी शेळी आपला सगळा गोतावळा घेऊन आली. येसू पुढं आणि कळप मागं, सगळा डोंगर पालथा. बायका पाणवठ्यावरून ओरडल्या, "येसू, शेळ्या कधी गं घेतल्यास?" येसू काय बोलणार? पळत होती.

मग तिनं दोर घेतला. एक टोक पाठीवरच्या बुंध्याला बांधलं, एक टोक मोठ्या धोंड्याला. धोंडा दिला कड्यावरून ढकलून. धोंडा गेला, दोर ताणला, आणि येसूचा श्वासच बंद झाला. मूळ बरगड्यांना वेटोळं घालून बसलेलं! झाड काही निघालं नाही, येसूच फरफटत कड्याकडं निघाली. कोयत्यानं दोर तोडला म्हणून आज गोष्ट पुढं चाललीय.

त्यानंतर तिचं अंग जड होऊ लागलं. पायाची बोटं मातीत रुतायला लागली. कोपर दुमडेना. भाकरी खायला तोंड उघडलं की झाडाची साल करकरावी तसं करकरे.

आता त्या बोरीवर एका साळुंकीनं घरटं केलं होतं. साळुंकी म्हणाली, "येसू, तू लाकूड होत चाललीस."

"तुला काय त्याचं?"

"मला नाही तर कुणाला? तुझं लाकूड झालं की कुणीतरी कुऱ्हाड घेऊन येणार. माझी पिल्लं आहेत वर."

"मग उपाय सांग. मी करते."

"तू केलास की बिघडलाच. जिनं दोर सोडला, तिनंच झाड उपटायचं. एकदा धरलं की तिनं सोडायचं नाही. आणि तू तिच्याकडं पाठ करून उभं राहायचं, मागं बघायचं नाही. तिनं सोडलं किंवा तू बघितलंस, तर मूळ थेट काळजात."

"दुसरी कुणी नाही चालायची?"

"दुसऱ्या कुणाची भीती वाटते का तुला?"



मग येसू निघाली. पहिल्यांदा निघाली ती आपल्याच उंबऱ्यावरून परत फिरली. दुसऱ्यांदा पाणवठ्यापर्यंत गेली नि परत फिरली. तिसऱ्यांदा पाय इतके जड झाले होते की आता फिरले तर वाटेतच उभं झाड होणार, हे तिला कळलं. म्हणून पुढं गेली. शूर होती म्हणून नाही.

तानू अंगणात डाळ पाखडत होती. सूप खाली पडलं.

"पाठीत काटा आहे," येसू म्हणाली. "काढ."

तानू मागं जाऊन बघते तो काय! "काटा? अहो वन्सं, याच्यावर पोरं चढून बसतील की!"

येसूनं साळुंकीनं सांगितलेलं सगळं सांगितलं. तानू दोन पावलं मागं सरली. "मी नको. मी धरलेलं सोडते. ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?" येसू म्हणाली. आणि वळली. पाठ तानूकडं, तोंड कड्याकडं.

तानूनं आधी घरटं उतरवलं आणि पिल्लांसकट वळचणीला ठेवलं. मग दोन्ही हातांनी बुंधा धरला. काटे तळहातात शिरले. तिनं ओढलं. येसूच्या बरगड्या वाजल्या.

बोरीला तेव्हा फुलोरा आला होता. फुलोऱ्याला काय असतं? माश्या असतात. झाड हललं तशा माश्या उठल्या. तोच आवाज. कड्यावर त्या दिवशी झाला होता तोच. येसूला ऐकू आला, आणि मागं तानू कळवळली तेही ऐकू आलं.

येसूची मान वळायला लागली. अर्धी वळली.

"बघू नका!" तानू ओरडली. "वन्सं, पुढं बघा! धरलंय मी!"

येसूनं डोळे मिटले. दुसरं तिच्या हातात काही नव्हतं. पहिल्यांदाच नव्हतं.

माश्या डसत होत्या, तानू रडत होती, शिव्या देत होती, आणि ओढत होती. मग एकदम, ओल्या जमिनीतून मुळा निघावा तसं, सगळं झाड मुळासकट बाहेर आलं आणि तानू झाडासकट मागं पडली.

मूळ केवढं! अंगणभर. आणि त्याच्या पार टोकाला एक काटा, नखाएवढा.

येसूनं आधी पोटभर श्वास घेतला. मग वळली. तानूचे दोन्ही तळहात काट्यांनी भरलेले, सुजलेले. उजव्या हातातले काटे डावा काढील म्हणाल, तर डावाही तसलाच.

येसू तिच्यासमोर मांडी घालून बसली. म्हणाली, "तुझा हात दे इकडं."

मग ती बोरी त्यांनी अंगणाच्या कडेला लावली. साळुंकीचं घरटं परत वर चढलं. बोरं लागली ती आंबट निघाली. पोरांनी तरी खाल्ली.

आणि मधाचा हंगाम आला तेव्हा येसूनं कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक तानूच्या हातात दिलं. उतरताना तिनं वर बघितलं का? बघितलं. एकदा बघितलं. माणूस होती ती. तानू दोर धरून उभी होती. मग येसू खाली बघून कामाला लागली.

त्या वर्षी मध उदंड झाला. गावानं भाकरीला लावून खाल्ला, बोटं चाटली. त्यांचं चांगलं चाललं, तुमचंही चालेल.

आता पुरे. डोळे मिटा. पाठ माझ्याकडं करा, थोपटते.