भिंतीपाशी पेटवलेली चूल

“...आणि त्यांना बाहेर कुणी काढलं?” भंते रेवतांनी विचारलं.

ते लेण्याच्या दारात उभे होते. चीवर भिजून अंगाला चिकटलं होतं. मागे गारा पडत होत्या आणि खडकावर आपटून उडत होत्या.

“मी,” अच्युत खासनीस म्हणाला.

“कधी?”

“आत्ताच. तुम्ही गावातून वर यायच्या थोडं आधी.”

“ह्या गारांत?”

“तेव्हा नुसता वारा होता...”

भंत्यांनी आत पाहिलं. आतल्या भिंतीपाशी तीन दगड मांडलेले होते. मधल्या काटक्या अर्धवट जळल्या होत्या आणि त्यांवर पाणी ओतलेलं होतं. अजून धूर निघत होता.

अच्युत पुण्याचा. देवळं आणि लेणी पाहायचं त्याला तरुणपणापासून वेड. कंबोडियातली, जावातली देवळं त्यानं पाहिली होती. कर्नाटकातली तर पाठच होती. लोकांना घेऊन तो सहली काढायचा, आणि एखाद्या शिल्पासमोर उभा राहून बोलायला लागला की आपण उन्हात उभे आहोत हे ऐकणारे विसरून जायचे. पण प्रत्येक ठिकाणाहून तो संतापून परतायचा. कुणी मूर्तीच्या मांडीवर बसून फोटो काढत असे. कुणी खांबावर बदाम कोरून त्यात दोन नावं घातलेली असत. कुठे जुन्या गाभाऱ्याला ऑइलपेंट फासलेला, कुठे नक्षीवर बाथरूमच्या फरशा. तो भांडायचा. एकदा त्यापायी मारही खाल्ला होता.

“माझा राग जाईल असं काहीतरी शिकवा,” असं म्हणत हिवाळ्याच्या तोंडाला तो मोरकड्याला आला, भंत्यांपाशी राहिला.

मोरकड्यावर लेणी दोन. एकात पुढच्या काळात महादेव बसला; त्याला पुजारी आहे. दुसरं बुद्धाचं; तिथे भंते राहतात. बुद्धाच्या लेण्यात एका भिंतीवर चित्राचा तुकडा उरलेला आहे. एक बाई मान वळवून कुणाकडे तरी पाहते आहे. कुणाकडे, ते कळत नाही. तिच्या पुढचा सगळा रंग केव्हाच गळून गेला. त्या बाईला भंत्यांनी वर्षानुवर्षं जपलं होतं. वटवाघळं हाकलली होती, गावातल्या पोरांना गोडीनं समजावलं होतं. अच्युत आल्यावर दोघांनी मिळून तिच्यापुढे सागाचा कठडा केला. रंधा भंत्यांनी मारला, खिळे अच्युतनं ठोकले.

त्याच कठड्याला लागून आज कुणीतरी चूल पेटवली होती.

“कोण होते?” भंत्यांनी विचारलं.

“धनगर. एक म्हातारी आणि तिची सून. पुरुष मेंढरांमागे पांगले असतील. पण भंते, जागा तरी बघायची! धूर सरळ वर चित्रावर जात होता. दीड हजार वर्षं टिकलेला रंग, आणि ह्यांना तिथेच...”

“सुनेजवळ काही होतं?”

अच्युत विझलेल्या चुलीकडे वळला.

“काही होतं का?”

“मूल होतं.”

“केवढं?”

“लहान... अगदीच लहान.”

“तुम्ही पाहिलंत?”

“पाहिलं.”

“आणि?”

“मी आधी भिंत पाहिली, भंते.”

भंते वळले आणि तसेच गारांत निघाले.

अच्युत धावत मागे गेला. “भंते, रागावलात का?”

“हो.”

“पण तुम्हीच तर रोज सांगता, राग म्हणजे...”

“आज नाही,” भंते न थांबता म्हणाले.

महादेवाच्या लेण्याचं लोखंडी दार बंद होतं. आत समई दिसत होती. भंते तिथे क्षणभर थांबले, गजांतून आत पाहिलं आणि पुढे गेले. पाण्याच्या टाक्यापलीकडे कडा जरासा आत वळलेला आहे; एखादी शेळी उभी राहील एवढाच आडोसा. तिथे ती तिघं दिसली.

म्हातारी हातगुडघ्यांवर ओणवी झाली होती. पाठीवरची घोंगडी गारांनी पांढरी पडली होती. तिच्या खाली, खडकाला टेकून सून बसली होती, आणि सुनेच्या पदरात मूल. मूल रडत नव्हतं.

पावलं ऐकून म्हातारीनं मान वर केली. तिला अच्युत दिसला.

“जातो, साहेब,” ती घाईनं म्हणाली. “हितनंबी जातो. वाईच कमी हू द्या.”

अच्युत एक पाऊल मागे सरला. 

“आई, वर चला,” भंते म्हणाले. “लेण्यात चला.”

“नगं बाबा. आदी म्हादेवाकडं गेलतो. पुजारी म्हनला, वली बाळंतीन हाय, सोयर हाय, भाईर व्हा. मग तुमच्या देवाकडं आलो. पोराला शेक द्यायचा हुता. तर ह्यांनी...” ती थांबली आणि एकदम हात जोडले. “आमास्नी कळलं न्हाई बाबा. भिताडावर कायतरी हुतं म्हनं.”

भंते अच्युतकडे वळले. त्यांच्या कपाळावरून पाणी गळत होतं.

“पुजारी सोयर म्हणाला,” ते म्हणाले. “तुम्ही काय म्हणालात?”

अच्युत म्हातारीच्या जोडलेल्या हातांकडे पाहत राहिला.

“काय म्हणालात?”

“वारसा.”

“मोठ्यानं बोला. गारांत ऐकू येत नाही.”

“वारसा म्हणालो, भंते!”

“माझ्या आजीला विटाळ म्हणाले होते,” भंते म्हणाले. “शब्द तेवढा बदलतो.”

मग ते खाली बसले आणि दोन्ही हात पुढे केले. सुनेनं सासूकडे पाहिलं. सासूनं मान हलवली. भंत्यांनी मूल घेतलं, चीवराच्या कोरड्या उरल्या असतील त्या घड्यांत गुंडाळलं आणि उठले.

“ह्या बाईंना चालवणार नाही. उचला,” ते अच्युतला म्हणाले आणि चालू लागले.

अच्युतनं सुनेला उचललं. तिचं वजन फारसं नव्हतं. तिचे दात वाजत होते, ते त्याला खांद्यापाशी ऐकू येत होते. वाटेत ती एकदाच बोलली.

“दादा, आता पानी नगा ना टाकू इस्तवावर.”

 त्याचा पाय घसरला. त्यानं कड्याला हात घातला आणि सावरला.

लेण्यात सरपण नव्हतं. होतं ते अच्युतनं स्वतःच विझवलं होतं. भंत्यांनी मूल म्हातारीकडे दिलं, कठड्यापाशी गेले, वरची आडवी पट्टी दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. खिळे करकरले.

“भंते!” अच्युत ओरडला. “हा कठडा आपण केलाय!”

“म्हणून तर कोरडा आहे.”

“निदान ओसरीत पेटवा!”

“तिथे गारा येताहेत.”

“मागच्या खोलीत...”

“तिथे गळतंय. तुम्हीच मला काल दाखवलंत.”

“मग त्या कोपऱ्यात तरी! भंते, ही चित्रातली बाई जाईल! एकदा काजळी धरली की तिला कुणी परत आणू शकत नाही. तुम्ही इतकी वर्षं...”

“त्या कोपऱ्यात वारा आहे,” भंते म्हणाले. “ह्यांनी जागा नीट पाहूनच चूल मांडली होती. सगळ्या लेण्यात उबेची जागा ही एकच.”

त्यांनी तेच तीन दगड पुन्हा सरळ केले. पट्टी दगडावर आपटून मोडली. काडी ओढली. पहिली विझली. दुसरी लागली. 

सागानं पेट घेतला. धूर भिंतीवरून चढत गेला. भंत्यांनी मान वर केली. चित्रातली बाई मान वळवून पाहत होती. धूर तिच्या हनुवटीपर्यंत पोचला, मग गालापर्यंत. भंते पाहत राहिले. त्यांनी नजर काढून घेतली नाही.

अच्युतनं घेतली. तो भिंतीकडे पाठ करून उभा राहिला.

म्हातारी हात तापवून मुलाच्या पाठीला, तळपायांना लावत होती. “बोल की रं... बोल की माज्या राजा...” सून नुसती बघत होती. लाकूड तडतडत होतं. बाहेर गारा कमी झाल्या आणि पाऊस लागला.

आणि मूल रडलं. आधी बारीक, मग चांगलं घसा फोडून.

“रडलं गं!” म्हातारी हसली. हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला.

विस्तव खाली बसायला लागला होता. अच्युत वळला. कठड्याचे उभे खांब राहिले होते. त्यानं एक हिसडून काढला आणि दगडावर आपटला. तो मोडेना. पुन्हा आपटला. दातओठ खाऊन आपटत राहिला, मोडला तरी आपटत राहिला. त्याला भयंकर राग आला होता; कुणाचा, ते त्याचं त्यालाच कळत नव्हतं. मोडलेले तुकडे त्यानं चुलीपाशी टाकले आणि दुसरा खांब काढायला गेला.

भंत्यांनी त्याला थांबवलं नाही.

सकाळी कुत्री भुंकली. धनगर शोधत आले होते. मेंढरं मेली होती त्यांची. तरी मुलगा दिसताच बाप मटकन खाली बसला. निघताना म्हातारी बुद्धाच्या पाया पडली. मग महादेवाच्या लेण्यापाशी गेली, पायरीला शिवली नाही, लांबूनच डोकं टेकलं.

अच्युतनं ते पाहिलं आणि तरातरा पुजाऱ्याकडे गेला.

“काल दार लावून घेतलंत? कालच्या त्या पोराला काही झालं असतं तर? लाज कशी वाटत नाही तुम्हाला?”

पुजारी फुलं निवडत होता. त्यानं वर पाहिलं.

“तुम्ही तर पेटलेली चूल विझवलीत, साहेब,” तो म्हणाला. “मी निदान पाणी ओतलं नाही.”

अच्युत परत आला.

लेण्यात ऊन आलं होतं. भंते खराट्यानं राख गोळा करत होते. कठड्याच्या जागी जमिनीत नुसती भोकं राहिली होती. अच्युत भिंतीसमोर उभा राहिला. बाईचा चेहरा गेला होता. कान राहिला होता, आणि वळलेली मान.

“गेली, भंते.”

“हो.”

“कायमची.”

“हो.”

“तुम्हाला काहीच वाटत नाही?”

भंत्यांचा खराटा थांबला. त्यांचे डोळे लाल होते. रात्रभर धूर होता.

“रविवारी पुण्याहून माझी माणसं येताहेत,” अच्युत म्हणाला. त्याचा आवाज चढत गेला. “बस भरून. महिनाभर मी त्यांना ह्याच बाईबद्दल सांगतोय. कुणी आजारी आईला शेजाऱ्यांकडे ठेवून येतंय, कुणी रजा काढून येतंय. फक्त हिला पाहायला! आता तुम्हीच सांगा, काय दाखवू मी त्यांना?”

भंते भिंतीकडे पाहत राहिले...

“सांगा ना!”

“काजळी दाखवा,” भंते म्हणाले. “ताजी आहे.”