कासवाची सोय

त्या मुलखात जो तो वर्षातून एकदा रजेवर जाई आणि जाताना मागे राहणाऱ्यांची सोय लावून जाई. सोय लावली की काळजी मिटली, असं सगळेच धरून चालत.

तिथल्या एका घरधन्याकडे त्याच्या आज्याच्या वेळचं कासव होतं. धन्याचे गुडघे धरले, म्हणून तो महिनाभर गरम झऱ्यांच्या गावी निघाला. मांजरी आणि कोंबडी यांना बोलावून त्याने सांगितलं, "कासवाला काही कमी पडू देऊ नका. सोयीत ठेवा." कुत्र्याला कोणी काही सांगितलं नाही. तो म्हातारा झाला होता आणि फाटकावर पडून असे.

आता, कासवाची रीत अशी होती. रांजणाखालच्या ओलीत त्याचा मुक्काम. सकाळी निघायचं, अंगण ओलांडून पार पलीकडच्या जास्वंदीखाली जायचं, फूल खायचं, अंगावर ऊन घ्यायचं आणि उतरत्या उन्हात परत फिरायचं. एवढ्यातच दिवस जाई. ही वाट आज्याने लावून दिलेली. शेतावर जाताना तो फूल तिकडे टाकी आणि म्हणे, "ये सावकाश. मला तरी कुठं घाई आहे." आजा गेला. फुलं आपली आपण पडू लागली. पण कासव रोज तोच आवाज कानात धरून निघे. धन्याने हे लहानपणापासून पाहिलेलं, म्हणूनच ते सांगून ठेवावं असं त्याला सुचलं नाही.

मांजरीने स्वतःला जे आवडतं तेच केलं. खोक्यात कापूस अंथरला आणि कासवाला आत ठेवलं. कोंबडी काकडीचे बारीक तुकडे आणि फुलाच्या सुट्या पाकळ्या थेट त्याच्या तोंडाशी नेई. "आजोबा, हलूसुद्धा नका. आम्ही आहोत ना."

कासवाला बोलता येत नव्हतं असं नाही. पण विचारल्याशिवाय बोलायची त्याची पद्धत नव्हती, आणि विचारलं कोणीच नाही. चार दिवस त्याने खाल्लं. पाचव्या दिवशी मान आत घेतली. पाकळ्या खोक्यात वाळू लागल्या. मांजरीने आणखी कापूस घातला.

"मेलं तर धनी आपल्याला दारात उभं करायचा नाही," कोंबडी म्हणाली.

"मरतंय कशानं? एवढं सुख मला कोणी दिलं असतं तर मी डोळे उघडले नसते."

"तेच तर करतंय ते," फाटकावरून कुत्रा म्हणाला. "खाली ठेवा त्याला."

"तू तुझं भुंकायचं बघ," मांजरी फिसकारली.

"पंधरा वर्षं त्याचं चालणं बघतोय मी. तुम्ही एक दिवस तरी बघितलंत?"

दोघींनी ऐकलं नाही. महिना सरला. धनी यायचा त्या दिवशी सकाळी कुत्रा उठला, सरळ आत आला आणि त्याने खोका पाडला. कोंबडीने कलकलाट केला. कासव कुशीवर पडलं होतं. कुत्र्याने नाकाने ते सरळ केलं आणि बाजूला झाला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग कवचाखालून एक पाय आला आणि कासव जास्वंदीच्या दिशेने अंगणात निघालं. पाय लुळे पडले होते. चार पावलं की थांबायचं. दिवस कलला तरी निम्मं अंगण बाकीच होतं.

तेवढ्यात धनी आला. झऱ्यांच्या गावी त्याची फार बडदास्त ठेवली होती. खुर्चीत बसवून न्यायचे, खुर्चीत बसवून आणायचे, घास तेवढा त्याने स्वतः चावायचा. गाडीतून उतरवायलाही दोघा गड्यांनी धरलं. अंगणाच्या मधोमध त्याला कासव दिसलं. "अरे, इथं कुठं तडफडतोयस," म्हणत तो उचलायला वाकला. कुत्रा मधे येऊन बसला. गुरगुरला नाही, नुसता बसला.

कासवाने पाऊल उचललं. ते थरथरलं, मग टेकलं. धनी वाकलेलाच राहून त्या पायांकडे बघत होता. मग त्याने आपल्या पायांकडे बघितलं.

आतून मांजरीने हाक दिली, "धनी, दमला असाल. तिथंच टेका, ताट आणते."

"राहू दे चुलीपाशी."

"गार होईल."

"होऊ दे."

दंडाला धरलेले गड्यांचे हात त्याने सोडवले. आणि त्या अंगणात धनी आणि कासव चालू लागले, एक या अंगाला, एक त्या अंगाला. कुत्रा मधे बसून आळीपाळीने दोघांकडे बघत राहिला.